सतरा नंबरची फांदी

अमेरिकेत राहून ऑस्ट्रेलियातली झुडपं वाढवणारी मराठी बाई, अशी कुणी माझी ओळख करून दिली की समोरचा माणूस हमखास विचारतो, "पण का?" सत्तावीस वर्षं मी या प्रश्नाला एकच उत्तर दिलं. म्हटलं, कारण ती मरत नाहीत. हे उत्तर पूर्ण खरं नाही. ती मरतात, आणि बहुतेक वेळा कुणीतरी लाड केल्यामुळे मरतात. पण एवढं सगळं कोण ऐकून घेणार?

मी मूळची जतची. कोरड्या जमिनीचं कौतुक मला कुणी सांगायची गरज नव्हती. शेतकीची पदवी घेतली, लग्न झालं, नवऱ्याला ॲरिझोनात चँडलरच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी लागली आणि मी त्याच्यामागून आले. कामाचा परवाना मिळेपर्यंत चार वर्षं घरात बसून समोरच्या खडीकडे बघत होते. इथं घरापुढे हिरवळ परवडत नाही, म्हणून लोक खडी पसरतात आणि खडीत झुडपं लावतात. ती झुडपं येतात कुठून याची चौकशी करता करता मी रॉयच्या नर्सरीत पोचले. रॉय हा मालक, उंच, मितभाषी आणि कायम उन्हानं भाजलेला. त्यानं मुलाखत घेतलीच नाही. एक फांदी आणि एक चाकू हातात दिला आणि म्हणाला, कलम कर. मी केलं. दुसऱ्या दिवसापासून कामाला लागले.

बाहेरच्या माणसाला ऑस्ट्रेलियाचं वाळवंट म्हणजे लाल माती आणि कांगारू. तिथं किती प्रकारची फुलं येतात हे मलाही माहीत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात एक पिवळं झुडूप बघून मी रॉयला म्हटलं, हे आमच्याकडे माळावर उगवतं, याला तरवड म्हणतात. तो आपला तरवड नव्हता, त्याची ऑस्ट्रेलियातली चुलतबहीण होती. पानं पिसासारखी बारीक आणि राखाडी, फूल मात्र अगदी तेच. मला फार बरं वाटलं. परक्या गावात आडनावबंधू भेटावा तसं झालं. पुढे बाभळीची मंडळी भेटली. त्यांतल्या कित्येकींना काटे नाहीत. सिल्व्हर ओकच्या नात्यातली, कोळ्याच्या पायांसारखी फुलं येणारी झुडपं भेटली. आणि मग इमू बुश भेटलं, आणि मी तिथंच अडकले.

इमू बुश हे एका झाडाचं नाव नाही, मोठा गोतावळा आहे. त्याच्या दोनशेच्या वर जाती आहेत. काही जमिनीवर चटईसारख्या पसरतात, काही पुरुषभर उंच होतात. काहींची पानं हिरवीगार आणि चिकट, तर काहींवर इतकी पांढरी लव असते की हात लावल्यावर मांजर आठवावं. फुलं नळीसारखी. लाल, केशरी, पिवळी नळी असेल तर ती पक्ष्यांसाठी. जांभळी, निळी, पसरट तोंडाची असेल तर मधमाश्यांसाठी, बसायला ओसरी ठेवल्यासारखी. ऑस्ट्रेलियात मध पिणारे पक्षी वेगळे. इथं तेच काम गुंजन करत हवेत थांबणारा इवलासा हमिंगबर्ड करतो. त्याला आणि त्या फुलाला एकमेकांची ओळख असण्याचं काही कारण नव्हतं. तरी त्यांचं पहिल्या दिवसापासून जमलं.

माझं काम फांद्यांचं. बी पेरून यातली बरीचशी झुडपं येत नाहीत, आणि आली तरी आईसारखी येतील याची खात्री नसते. म्हणून फांदीचं बोटभर टोक कापायचं, खालची पानं काढायची, फुलं असतील तर खुडून टाकायची, कारण फूल फांदीची ताकद खातं. मग मुळं फुटायची पावडर लावून ती भुसभुशीत पांढऱ्या खड्यांत खोचायची आणि तुषार सोडून दोन-अडीच महिने वाट बघायची. हिरव्या पानांच्या जाती शहाण्या असतात, पटापट मुळं धरतात. लवेच्या पानांच्या जाती नखरेल. तुषाराचं पाणी लवेत अडकतं आणि फांदी कुजते. दहा लावाव्यात तेव्हा एखादी जगते. ती जगली की मला दिवसभर कुणाचं काही लागत नसे.

आता गिऱ्हाइकांविषयी. लाड करणाऱ्यांचा वर उल्लेख केलाच आहे. एका मराठी गृहस्थांनी सिल्व्हर ओकच्या नात्यातलं झुडूप नेलं आणि त्याला रोज पूजेचं पाणी, आठवड्याला शेणखत आणि महिन्याला फॉस्फरसचं खत घातलं. या झाडांचं मूळ इतक्या निकस मातीत घडलेलं असतं की फॉस्फरस त्यांना विषासारखा बाधतो. झाड वारल्यावर ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "आम्ही काही कमी केलं नाही हो." तेच तर झालं होतं. दुसरा प्रकार लाडू करणाऱ्यांचा. दर महिन्याला माळी बोलावून, यंत्र फिरवून झुडपाचा गोल लाडू वळतात आणि फुलं का येत नाहीत म्हणून विचारतात. तिसरा प्रकार नवीन आहे. अनिकेत नावाचा एक तरुण इंजिनिअर सांता क्लारा सोडून इथं आला होता. दर शनिवारी फोन हातात धरून नर्सरीत हजर.

"मीनाकाकू, ॲप म्हणतंय सॉइल एकदम ड्राय आहे. वॉटर करू?"

"नको."

"पण पानं ड्रूप होतायत, यार."

"जुलै महिना आहे. तूही ड्रूप होतोयस. तुझ्या मुळाशी कुणी पाणी ओततंय का?"

हे मी त्याला शंभर वेळा सांगितलं असेल. या झुडपांनी उन्हात मान टाकली की ती तहानलेली असतात असं नाही. ती काम थांबवून गप्प पडून असतात. अशा वेळी तापलेल्या मातीत पाणी ओतलं की मुळं अक्षरशः उकडतात आणि सडतात. उन्हाळ्यात मान टाकलेल्या झाडाला हात लावू नका, हे वाक्य मी पाटीवर लिहून गल्ल्याजवळ टांगलं होतं. ते लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मी कामाला लागले तेव्हा नर्सरीत इमू बुशचे साठ प्रकार होते. माझ्या शेवटच्या वर्षी सात उरले. रॉयचा दोष नाही. सोसायट्या आणि रस्त्याकडेची कामं घेणारे कंत्राटदार एकच लाल फुलाचं झुडूप मागतात, शेकड्यांनी मागतात. बाकीची झाडं जागा अडवतात. दरवर्षी यादीतून दोन-तीन नावं कमी होत आणि ती खोडायचं काम माझ्याकडे असे. मी निमूटपणे खोडलं. भांडायला हवं होतं असं आता वाटतं, पण भांडले नाही.

म्हणून सतरा नंबरचं महत्त्व.

एके वर्षी दोन वाफ्यांमधल्या खडीत एक रोप आपोआप उगवलेलं दिसलं. मधमाशीनं की पक्ष्यानं कुठल्या दोन जातींचा घोळ घातला देव जाणे. पानं राखाडी, मखमली. फूल जर्दाळूच्या रंगाचं, आत गडद जांभळे ठिपके. असं झुडूप ना माझ्या पुस्तकात होतं ना रॉयच्या डोक्यात. माझ्या वहीत त्या वर्षीचा तो सतरावा प्रयोग, म्हणून सतरा नंबर. रॉय बराच वेळ त्याच्याजवळ उकिडवा बसून राहिला. मग म्हणाला, मीना, हे तुझं. वाढव, बाजारात आणू, नाव तू ठेव. मात्र तोवर याची एक काडीही फाटकाबाहेर जाता कामा नये. नवीन जातीचे हक्क मिळण्याआधी ती बाहेर गेली तर सगळं मुसळ केरात.

पानं लवेची, त्यामुळे नखरे सगळे. चाळीस फांद्यांत दोन जगल्या. पुढच्या वर्षी तेवढ्याच. करत करत सहा झाडं झाली. इतकी नावं खोडणाऱ्या हातानं एक नाव यादीत घालायचं होतं. मला निवृत्तीआधी एवढंच हवं होतं.

त्या फेब्रुवारीत मी एक हौस केली. इथल्या मराठी बायकांचं संक्रांतीचं हळदीकुंकू नेहमी कुणाच्या तरी घरी किंवा हॉलमध्ये होतं. मी म्हटलं, यंदा नर्सरीत या, सगळं फुललेलं असतं. वाण म्हणून प्रत्येकीला एक छोटं रोप. रॉयनं परवानगी दिली, एवढंच नाही तर तिळगूळही खाल्ला. पंचवीस-तीस जणी साड्या नेसून खडीतून चालत होत्या. फोटो काढत होत्या. त्यांत शैलाकाकू होत्या.

शैलाकाकू म्हणजे आमच्या मंडळातलं वजनदार प्रस्थ. मूळच्या नागपूरच्या, भूलतज्ज्ञ डॉक्टर, पन्नास वर्षांपूर्वी इथं आलेल्या. हॉस्पिटलमध्ये सर्जनसुद्धा त्यांना विचारून सुरी उचलत, असं सांगतात. पाऊणशे वय उलटलं होतं, पण अंबाडा घट्ट आणि पाठ ताठ. मी कुंकवाची कोयरी घेऊन वळले, तर काकू सहा झाडांपाशी उभ्या, आणि सतरा नंबरची वीतभर फांदी त्यांच्या पर्समध्ये चाललेली.

"काकू, काय करताय?"

"काही नाही गं, एक काडी घेतली. मागून आणलेलं लागत नाही बघ. चोरून आणलेलंच लागतं."

हे आपल्याकडे सगळेच म्हणतात. मीही लहानपणी शेजारच्या बागेतला मोगरा त्याच न्यायानं आणला आहे. हसून सोडून देता आलं असतं, बाजूला घेऊन सांगता आलं असतं. पण रॉय दहा पावलांवर उभा होता, आणि माझी सगळी पुंजी त्या पर्समध्ये चालली होती. माझा आवाज चढला. म्हटलं, "काकू, ही चोरीच आहे. ही माझी नोकरी आहे, तुमची बाग नाही. आधी ती फांदी बाहेर काढा."

सगळ्या वळून बघू लागल्या. काकूंनी फांदी काढली, तिळगुळाच्या ताटाशेजारी ठेवली आणि म्हणाल्या, "सॉरी, मीना." त्यानंतर तासभर थांबल्या, ओटी घेतली, वाणाचं रोप घेतलं आणि गेल्या. त्यांनी अंबाड्यात त्याच झाडाचा एक फुललेला तुरा खोवला होता. तो मी पूर्ण वेळ बघत होते. केसातलं फूल ते, त्यात वावगं काय? इतकी वर्षं फांद्या कापणाऱ्या बाईला ती फांदी आहे हे दिसलं नाही.

पुढची चार वर्षं काकू माझ्याशी तुटकच वागल्या. समोर आल्या तर नमस्कार, बाकी काही नाही. मीही मुद्दाम गेले नाही. माझं चुकलं नाही असं मी स्वतःला सांगत होते.

मग माझा शेवटचा उन्हाळा आला. डिसेंबरात मी निवृत्त होणार होते, आणि त्याच सुमाराला रॉय नर्सरी विकणार होता. नवीन मालकांनी यादी बघून सांगितलं होतं, सातातली चार बंद करू, सतरा नंबर मात्र आणू. कागदपत्रं जवळजवळ पूर्ण झाली होती. जुलैच्या त्या आठवड्यात विलक्षण ऊन होतं. दुपारी सहाच्या सहा झाडांनी मान टाकली. पाटी मीच लिहिलेली, ती डोळ्यांपुढे होती. तरी मला राहवलं नाही. वाटलं, एवढी एकच गोष्ट उरली आहे, ती माझ्या डोळ्यांदेखत जायला नको. मी नळी ओढत नेली आणि पाणी घातलं. सलग तीन दिवस घातलं. चौथ्या दिवशी पाऊसही आला.

आठवडाभरात सहाही झाडं गेली. टोकांपासून काळी पडत गेली. घाईघाईनं काढलेल्या फांद्या तुषाराखाली कुजल्या. मी रॉयला खरं सांगितलं. त्यानं ती पाटी खिळ्यावरून काढली आणि माझ्या टेबलावर उलटी ठेवली. मला त्याच्या रागावण्यापेक्षा ते जास्त लागलं. त्या दिवशी मी गाडीत बसून रडले, कामासाठी पहिल्यांदाच.

सप्टेंबरात गणपतीच्या कार्यक्रमात अनिकेत भेटला. आता त्याची बाग चांगली झाली होती, कारण त्यानं ॲप डिलीट केलं होतं.

"काकू, एक प्लँट दाखवतो, आयडेंटिफाय करा. शैलाकाकूंच्या फ्रंट यार्डमध्ये आहे. मी त्यांना मेडिसिन्स ड्रॉप करायला गेलो होतो. ऑफ सीझन आहे तरी दोन-तीन फुलं आहेत. क्रेझी कलर आहे."

त्यानं फोन पुढे केला. राखाडी, मखमली पानं. जर्दाळूचा रंग. आत जांभळे ठिपके. मी फोटो मोठा करून पुन्हा पाहिला.

दुसऱ्या दिवशी मी शैलाकाकूंच्या दारात उभी होते. गाडीरस्ता आणि भिंत यांच्यामधल्या खडीच्या पट्टीत, जिथं कुणी काही लावणार नाही, तिथं छातीभर उंच सतरा नंबर उभा होता. आमच्या सहाही झाडांपेक्षा तब्येतीनं बरा. काकूंनी दार उघडलं. आता हातात काठी होती, अंबाडा तसाच होता.

"ये. झाड बघायला आलीस ना? अनिकेतनं फोटो काढला तेव्हाच मी समजले."

"तो केसातला तुरा होता ना, काकू?"

"हो. घरी आले आणि आरशात दिसला. तू माझ्याकडून एक काढून घेतलीस, दुसरी आपणहून माझ्याबरोबर आली. दह्याच्या डब्यात खोचली. मग इथं लावली आणि विसरले. ॲक्चुअली, विसरले नाही. तुझा राग आला होता, म्हणून पाणी घालत नव्हते."

हसावं की काय करावं मला समजेना. मग मी सगळं सांगितलं. सहा झाडं, ऊन, नळी.

"म्हणजे ओव्हरडोस झाला," काकू म्हणाल्या.

"हो."

"कोणी दिला?"

"मीच."

त्या काठी टेकत झाडाजवळ आल्या. "माझ्याही हातून एकदा होता होता राहिलं होतं. पेशंट घाबरलेला दिसला, म्हणून थोडं जास्त दिलं. दया आली की हात चुकतो, मीना. तो पेशंट वाचला. पण मी तो चेहरा अजून विसरले नाही."

"काकू, त्या दिवशी मी चुकले," मी म्हटलं. चार वर्षांत जे जमलं नव्हतं ते एका दमात बोलून झालं.

"नाही, बरोबर होतीस. चोरीच होती ती. पण सगळ्यांसमोर बोललीस. हॉस्पिटलमध्ये इतक्या वर्षांत मला कुणी तसं बोललं नव्हतं. आणि गोऱ्या माणसासमोर बोललीस, ते जास्त लागलं."

मी पर्समधून कात्री काढली. "मला थोड्या फांद्या द्याल?"

"देणार नाही."

उघडलेली कात्री माझ्या हातात तशीच राहिली.

"दिलेली लागत नाही म्हणून सांगितलं होतं ना तुला? विसरलीस." त्यांनी काठी दाराकडे वळवली. "मी चहा टाकायला आत जातेय. माझ्या चहाला वीस मिनिटं लागतात. मला आतून बाहेरचं काही दिसत नाही. आणि ती कात्री आत ठेव, हातानं तोड."

चौसष्ट वर्षांची मी, भर दुपारी, चँडलरमधल्या एका अंगणात चोरासारखी इकडेतिकडे बघत फांद्या मोडत होते. बारा घेतल्या, ओल्या कागदात गुंडाळल्या, पर्समध्ये घातल्या. काकू चहाचे कप घेऊन आल्या. पर्सकडे त्यांनी एकदा पाहिलं, झाडाकडे एकदा पाहिलं. मग कप खाली ठेवून स्वतः पुढे झाल्या, एक फुललेला तुरा तोडला आणि माझ्या तोकड्या, पांढऱ्या केसांत कसाबसा अडकवला.

"असू दे. बाकीच्या गेल्या तर."

रॉयला सांगितल्यावर तो कितीतरी दिवसांनी मोठ्यानं हसला. काडी चोरीला गेली होती, विकली गेली नव्हती, म्हणून हक्क शाबूत होते. नवीन मालकांना सतरा नंबर मिळाला आहे, तो वाढतो आहे, पुढे त्यांचं ते बघतील. त्या दिवशी मी तेरा फांद्या खोचल्या. बारा नियमाप्रमाणे, फुलं खुडून. तेरावी फुलासकट, जशीच्या तशी. शास्त्र म्हणतं, ती जगायला नको. डिसेंबरात, माझ्या शेवटच्या दिवशी, त्यांतल्या तीन जगल्या होत्या. त्या तिनांत केसातली आहे का हे मला सांगता येणार नाही. सत्तावीस वर्षांत प्रत्येक काडीला मी चिठ्ठी लावली, त्या तेरा जणींना मात्र मुद्दाम लावली नव्हती.